कुठं आहेस?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजात वृक्षारोपण होतं. खड्डे आदल्या दिवशीच खणून ठेवले होते. पाहुणे आले, रोपं लावली, झारीनं पाणी घातलं, फोटो काढला. फोटो पाहतो तर खालच्या पट्टीवर शेजारच्या खेड्याचं नाव! पाहुणे गाडीत बसले होते, त्यांना पुन्हा उतरवलं. त्याच रोपाला पुन्हा पाणी घातलं. पुन्हा तेच खेडं. शेवटी आमच्या शिपायानं फोन घेतला, मैदानाच्या मधोमध जाऊन पाच मिनिटं हात वर करून उभा राहिला, आणि म्हणाला, "आता आलं बघा आपलं गाव." तिसऱ्यांदा पाणी घातलं. तो फोटो अहवालात गेला. अक्षांश-रेखांश सहा दशांश स्थळांपर्यंत.

मी भूगोलाचा मास्तर. हिंगोली जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात तीस वर्षं शिकवलं. नाव मुद्दाम घेत नाही. त्या दिवशी मला हसू आलं ते दशांश स्थळांचं. अंशाचा सहावा दशांश म्हणजे जमिनीवर साधारण अकरा सेंटिमीटर, एक वीत सुद्धा नाही. फोनची चूक मात्र उघड्या आकाशाखालीही पाच-दहा मीटरची असते. म्हणजे वितीपर्यंत खात्री देणारी पट्टी आम्हाला दुसऱ्याच गावात नेऊन बसवत होती. पण पट्टी नसती तर आम्ही झाड लावलंच नाही असं झालं असतं.

माणूस कुठं आहे, हे मोबाईलनं सांगायचं, आणि तेही कॉलेजात, हा प्रकार आपल्याकडे आला कुठून, याचा थोडा इतिहास आज सांगणार आहे.

आपल्याकडे ठिकाण सांगायची जुनी रीत तुम्हाला ठाऊकच आहे. मारुतीच्या पारापासून ओढा ओलांडला की उजव्या हाताला. ऐकणाऱ्याला पार माहीत असला पाहिजे, ही त्यातली अट. परक्या माणसाला, त्यातून सरकारला, ती रीत उपयोगाची नाही. म्हणून मोजणी आली. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्ब्टननं मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ साखळीनं जमीन मोजायला सुरुवात केली आणि तिथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत ते काम उत्तरेकडे सरकत राहिलं. ७८ अंश रेखांशाच्या आसपासनं जाणारी ही मोठी रेषा निजामाच्या मुलखातून बीदरच्या बाजूनं वऱ्हाडाकडे गेली, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेकडून. लॅम्ब्टनचा मोठा थिओडोलाइट, कोन मोजायचं यंत्र, वजनाला सुमारे अर्धा टन होता. डोंगरमाथ्यावर तो चढवायला किती माणसं लागत असतील याची कल्पना करा. हा माणूस पुढं हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे.

त्या मोजणीच्या इतिहासात एक गमतीची नोंद सापडते. डोंगरावर दुर्बीण लावून बसलेल्या या साहेबांविषयी गावोगाव संशय असे, की यांना घराच्या आतल्या बायकाही दिसतात, आणि त्या उलट्या दिसतात. उलटं दिसणं खरंच होतं, त्या दुर्बिणीत सगळंच उलटं दिसे. वर्गात हे सांगितलं की मुलं खदखदून हसायची. मुली कमी हसायच्या. हे माझ्या ध्यानात बरंच उशिरा आलं.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या विभागात नकाशांचं एक लोखंडी कपाट होतं. हिंगोलीचा भाग ५६ ई या नकाशात येतो. तो कापडावर चिकटवलेला, घड्या झिजलेला. कपाटाची किल्ली माझ्याकडे, आणि मुलांना नकाशा दाखवायचा म्हणजे एक समारंभच. आपलं गाव नकाशावर आहे का, हे पाहायला सगळी झुंबड. ज्यांचं असे ती खूश, आणि तांड्यावरची, वाडीवरची पोरं मागं सरकून उभी.

शिक्षणाचं ठिकाणही आपल्यापासून दूरच होतं. निजामाच्या काळात पदवीचं शिक्षण म्हणजे हैदराबाद गाठायचं. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं, आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. विद्यापीठ हैदराबादहून औरंगाबादला, औरंगाबादहून नांदेडला असं जवळ यायला जवळजवळ अर्धं शतक गेलं. १ मे १९९९ रोजी परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा झाला.

आता योगायोग पाहा. जिल्ह्याला बरोबर एक वर्ष झालं त्याच दिवशी, १ मे २०००, अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी एक निर्णय जाहीर केला. अमेरिकी लष्कराचे जीपीएस उपग्रह तोवर सामान्य माणसाला मुद्दाम चुकीची वेळ कळवत असत, म्हणजे शंभर मीटरपर्यंत चूक ठेवलेली. ती चूक मध्यरात्री काढून टाकली. आपल्याकडे तेव्हा २ मेची सकाळ होती. चूक दहा-वीस मीटरवर आली. हिंगोलीत त्या सकाळी कुणाला याचा पत्ता नव्हता, मलाही नव्हता.

हे काम कसं चालतं ते शेतकऱ्याला सांगायला सोपं आहे. वीज चमकली की आपण मनात आकडे मोजतो. तिसऱ्या आकड्याला गडगडाट झाला तर वीज कोसभरही लांब नाही, एखाद्या किलोमीटरवर आहे. जीपीएसचा उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून सारखी आपली वेळ सांगत असतो. ती वेळ फोनपर्यंत यायला किती उशीर लागला यावरून फोन अंतर काढतो. तीन उपग्रहांची अंतरं मिळाली की ठिकाण मिळतं, आणि फोनचं घड्याळ स्वस्तातलं असल्यामुळं त्याची चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर जमिनीवर तीनशे मीटर. आकाश मोकळं नसेल, स्लॅबखाली असाल, तर फोन जवळच्या टॉवरवरून अंदाज बांधतो, आणि खेड्यातल्या टॉवरचा घेर काही किलोमीटरचा असतो. आमचं झाड शेजारच्या गावात गेलं ते बहुधा असं.

(जाता जाता सांगतो, आपल्या औंढा नागनाथजवळ जी लायगोची वेधशाळा उभी राहायची आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची, तिचं तत्त्वही या बाबतीत असंच. गुरुत्वीय लहर वेगवेगळ्या वेधशाळांत किती फरकानं पोचली यावरून ती आकाशात कुठून आली ते ठरतं. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपये मंजूर केले ते यासाठी. पण हा वेगळ्या भाषणाचा विषय.)

ठिकाण सांगणारी यंत्रं कॉलेजात वापरायचे प्रयोग अमेरिकेत झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत २००२ च्या सुमारास ‘ॲक्टिव्हकॅम्पस’ नावाचा प्रयोग झाला. विद्यार्थ्यांना तळहातावर मावणारे छोटे संगणक दिले आणि आपला मित्र आवारात कुठं आहे ते त्यावर दिसू लागलं. न्यू जर्सीतल्या मॉन्टक्लेअर स्टेट विद्यापीठात २००५ नंतर मुलांच्या मोबाईलवर विद्यापीठाची बस कुठवर आली ते कळे. रात्री एकटीनं वसतिगृहाकडे निघालेली मुलगी फोनवर वेळ लावून निघे, आणि त्या वेळात तिनं तो गजर बंद केला नाही तर आवारातल्या पोलिसांना तिचं ठिकाण दिसे. या सोयीचं नाव ‘गार्डियन’, म्हणजे राखणदार. यातली खुबी अशी, की गजर लावायचा की नाही हे तिच्या हातात. २०१० मध्ये हार्वर्डची मुलं फोरस्क्वेअरवर ‘मी वाचनालयात आहे’, ‘मी अमुक हॉटेलात आहे’ असं आपण होऊन जगाला सांगत होती. दशक संपता संपता मात्र तिथल्याच काही विद्यापीठांत वर्गात बसवलेल्या ब्लूटूथच्या डबीवरून मुलाची हजेरी आपोआप लागायला लागली. ती यंत्रणा विकणाऱ्या कंपनीचं नाव ‘स्पॉटर’. आपल्या भाषेत टेहळ्या. राखणदार ते टेहळ्या, पंधरा वर्षांत.

आपल्याकडे मधली काही वर्षं वेगळी गेली, आणि ती मला फार आवडतात. २००८ साली गूगलनं ‘मॅप मेकर’ भारतात आणला. कुणीही बसावं आणि नकाशात आपलं गाव, रस्ता, विहीर भरावी. आमच्या प्रयोगशाळेत सहा संगणक, त्यातले चार चालू. तिथं दुपारच्या तासाला दुसऱ्या वर्षाची मुलं बसत. सर्वांत आधी त्यांनी काय भरलं असेल? कॉलेजचं फाटक आणि एसटी स्टँड. मग हळूहळू वाड्या आल्या. बसमत की वसमत, यावर एक अख्खा तास गेला. आणि तांडे. एका मुलाच्या तांड्याला नायकाचं नाव होतं. आता नायक वारला, नवा झाला, काही लोक नवं नाव घेतात. नकाशात कुठलं लिहायचं? तो म्हणाला, "सर, घरी विचारून येतो." दुसऱ्या दिवशी सांगितलं, जुनंच लिहा, आज्जी म्हणते. तर आज्जीच्या हुकमानं ते नाव लागलं.

कपाटातल्या ५६ ईवर नसलेला तांडा त्या पोरानं स्वतःच्या हातानं जगाच्या नकाशावर ठेवला होता. २०१३ साली गूगलनं नकाशे भरायची स्पर्धा ठेवली तेव्हा सर्व्हे ऑफ इंडियानं दिल्ली पोलिसांकडे तक्रार केली, संवेदनशील जागा नकाशात जातील म्हणून. बातमी वाचून तोच मुलगा माझ्याकडे आला. "सर, तांडा टाकला म्हणून पोलीस येतील का?" मी म्हटलं, आले तर आज्जीकडे पाठव. (नकाशांवरचे बरेचसे निर्बंध पुढं १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्रानं स्वतःच काढले.)

आता २०१७ हे साल. इतिहासात एकाच वर्षी चार गोष्टी आल्या की आम्ही मास्तर लोक त्याला वळण म्हणतो. कधी कधी उगीच म्हणतो, पण इथं मला ते खरं वाटतं. ३१ मार्चला मॅप मेकर बंद झालं. जुलैत ‘नॅक’ची नवी मूल्यांकन पद्धत आली, आणि कॉलेजांनी पुराव्यादाखल जिओटॅग असलेले फोटो द्यायचे हे हळूहळू अंगवळणी पडलं. २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. आणि ऑक्टोबरात व्हॉट्सॲपवर ‘लाइव्ह लोकेशन’ आलं. मॅप मेकरवर बसणारी मुलं नकाशाला सांगत होती, की इथं आमचं गाव आहे. यानंतर नकाशा आमच्याविषयी दुसऱ्याला सांगू लागला. वर्षभर आधी जिओमुळं इंटरनेट स्वस्त झालं होतं, त्यामुळं हे सगळं खेड्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

व्हॉट्सॲपवर ठिकाण पाठवायचं तर पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास, अशी मुदत असते. आठ तास म्हणजे खेड्यातून एसटीनं कॉलेजात येऊन परत जाण्याइतका वेळ.

आमच्याकडे एक मुलगी होती. गाव कयाधूच्या पलीकडे, आडवळणाला. अकरावी-बारावीला मानव विकासच्या निळ्या बसनं आली, पुढं साध्या एसटीनं. तिला पुढं शिकवायचं की नाही यावर घरात बरंच झालं होतं. शेवटी वडिलांनी स्वतः फोन घेऊन दिला आणि अट घातली: बसमध्ये बसलं की लोकेशन लावायचं. ते मला मोठ्या समाधानानं सांगत, "सर, आता शेतात बसून कळायलंय पोरगी कुठं हाय ते." यात वाईट काय होतं? त्याशिवाय ती आलीच नसती. एका पावसाळ्यात शेवटची गाडी आली नाही, नदीला पाणी चढलेलं, फाट्यावर चार मुली अंधारात. त्या ठिपक्यावरून हे गृहस्थ मोटरसायकल घेऊन बरोबर तिथं आले, आणि दोन खेपा करून चौघींना घरी पोचवलं. त्या रात्री तो ठिपका नसता तर काय, हा विचार मी आजही करतो.

मग तो ठिपका दुपारी कँटीनपाशी वीस मिनिटं थांबला की फोन यायला लागला. मैत्रिणीच्या खोलीपाशी थांबला तरी फोन. तिनं चिडचिड केलेली मी कधी पाहिली नाही. फक्त कॉलेजच्या आवारातून ती बाहेर पडेनाशी झाली.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी एका सकाळी ती विभागात आली. म्हणाली, "सर, माझा फोन संध्याकाळपर्यंत तुमच्या ड्रॉवरमध्ये ठेवू का?" मी विचारलं, कुठं जाणार? "नांदेडला. विद्यापीठात. एमएच्या प्रवेशाची चौकशी करायची आहे. बाबांना आत्ताच सांगितलं तर नाहीच म्हणतील." मी म्हटलं, घरी विचार. म्हणाली, विचारलं तर फॉर्मची तारीख जाईल. नांदेडला एसटीनं जाऊन-येऊन दिवस जातो. मी काही वेळ गप्प बसलो आणि ड्रॉवर उघडला.

दुपारी दीडच्या सुमारास फोन वाजला. पडद्यावर ‘बाबा’. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. ठिपका कॉलेजातच होता, भूगोल विभागात, खिडकीजवळच्या टेबलात. मी दोनदा हात पुढं केला आणि मागं घेतला. तिला वाटेत काही झालं असतं तर सगळ्या जगात तिचं खरं ठिकाण माहीत असलेला मी एकटा होतो, आणि मलाही ते नुसतं ‘नांदेड’ एवढंच माहीत होतं. चार वाजता ती आली. तेवढे अडीच तास मी काय शिकवलं ते मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी तिनं घरी आपण होऊन सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, मला सांभाळून घेईल, पण तिनं ड्रॉवरही सांगितला. दुसऱ्या दिवशी वडील आले. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "सर, मी दोनदा फोन केला होता." मी म्हटलं, हो, वाजला होता. ते निघून गेले. पुढं वर्षभर रस्त्यात भेट झाली तर नुसता रामराम, तोही लांबूनच. मुलीचा प्रवेश मात्र झाला. मी बरोबर केलं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

२०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, ठिकाणासकट. त्या वर्षी ते गृहस्थ धाकट्या मुलाला घेऊन प्रवेशासाठी आले. कागदपत्रं झाली. मग खिशातून फोन काढून माझ्यापुढं धरला. "सर, हळदीच्या रानात उभं राहिलो तरी हे म्हणायलंय तुम्ही गटाच्या बाहेर आहात. मी माझ्याच रानात न्हाई म्हणे." आम्ही दोघं बाहेर मोकळ्यावर जाऊन बराच वेळ तो फोन हलवत उभे होतो.

मित्रहो, वेळ संपत आली, पण अलीकडचं थोडं सांगायला हवं. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली, त्यातलं एक आपल्या हिंगोलीचं. हैदराबादपासून सुरू झालेली ती वाट अखेर आपल्या दारात आली. आणि १ मे २०२५ पासून, पुन्हा तोच १ मे, राष्ट्रीय वैद्यक आयोगानं देशभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या अध्यापकांची हजेरी मोबाईलवर चेहरा दाखवून, जीपीएसच्या ठिकाणासह घ्यायचं ठरवलं. कागदावर कॉलेजात आणि प्रत्यक्षात स्वतःच्या दवाखान्यात, अशा मास्तरांची तक्रार खोटी नव्हती, हे मान्य केलं पाहिजे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला मनाई आहे, काही अपवाद सोडून. अकरावी-बारावीची मुलं त्यात येतात. मास्तर येत नाहीत.

ती मुलगी आता दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. त्यांच्याकडेही मोबाईलवर हजेरी सुरू झाली आहे, आवाराच्या शंभर मीटरच्या आत असाल तरच लागते, आणि तिचा वर्ग जुन्या इमारतीत जाड भिंतींच्या आत, त्यामुळं रोज पाच मिनिटं अंगणात उन्हात उभं राहावं लागतं. बोलता बोलता मधेच थांबली आणि म्हणाली, "सर, तुमचा तो ड्रॉवर अजून आहे का हो?"

मी म्हटलं, मी निवृत्त झालो, टेबल कॉलेजात राहिलं. किल्ली मात्र घरीच आली आहे, परत द्यायची राहून गेली.